बहिरेवाडीचे जे. पी. नाईक आणि प्रश्न विचारणाऱ्यांची फळी

१/ १९०१ च्या जनगणनेत भारतात दर हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या. १९७१ च्या जनगणनेत त्या ९३० उरल्या. हा आकडा सत्तर वर्षे जवळजवळ सलग उतरत होता आणि दर दहा वर्षांनी सरकारी तक्त्यांत छापलाही जात होता. लोकसंख्याशास्त्राच्या मोजक्या अभ्यासकांना तो ठाऊक होता. मात्र देशापुढचा प्रश्न म्हणून त्याच्याकडे कुणी पाहत नव्हते.

२/ तो प्रश्न चव्हाट्यावर आला १९७० च्या दशकाच्या मध्यात, ‘टुवर्ड्स इक्वॅलिटी’ या अहवालाने. या अहवालाची कथा सांगताना समितीतल्या विदुषींची नावे घेतली जातात आणि ते योग्यच आहे. पण त्या समितीला अभ्यासक, पैसा आणि नंतर टिकून राहण्यासाठी जागा मिळवून देणाऱ्यांत एक माणूस कोल्हापूर जिल्ह्यातला होता. आजचा थ्रेड त्याच्याविषयी: जयंत पांडुरंग नाईक, म्हणजेच जे. पी. नाईक.

३/ जन्म ५ सप्टेंबर १९०७, आजरा तालुक्यातील बहिरेवाडी. मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे. स्वातंत्र्यचळवळीच्या काळात त्यांनी हे नाव टाकले आणि नवे धारण केले. तुरुंगवास भोगून बाहेर पडल्यावर ते धारवाड जिल्ह्यातील उप्पिन बेटगेरी या खेड्यात जाऊन राहिले. तिथे शाळा, आरोग्य, रस्ते अशी सगळीच कामे अंगावर घेतली. पुढे दिल्लीच्या दालनांत वावरलेल्या या माणसाचे पहिले विद्यापीठ हे खेडे होते.

४/ १९४३ साली सय्यद नुरुल्ला यांच्यासह त्यांनी ब्रिटिश काळातील भारतीय शिक्षणाचा इतिहास लिहिला. अध्यापन महाविद्यालयांतून हा ग्रंथ पिढ्यानपिढ्या वाचला गेला. नाईक मुळात इतिहासकार होते, ही गोष्ट त्यांच्या प्रशासकीय कीर्तीपुढे झाकोळून गेली आहे. कागद कसा जपावा, आकडा कुठून आला हे कसे तपासावे, याचे वळण त्यांना या लेखनाने लावले असावे.

५/ आता थोडे मागे जाऊन त्या काळचे कोल्हापूर पाहू. १८८० साली स्थापन झालेले राजाराम कॉलेज हे इथले विद्येचे मुख्य पीठ. १९२२ पासून प्राचार्य असलेले डॉ. बाळकृष्ण यांनी इंग्रज आणि डच कंपन्यांचे कागद धुंडाळून शिवछत्रपतींचे बहुखंडी इंग्रजी चरित्र सिद्ध केले. प्रा. के. जी. कुंदनगार यांनी उत्तर कर्नाटक व कोल्हापूर संस्थानातील शिलालेखांचा संग्रह १९३९ मध्ये प्रसिद्ध केला. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४४-४५ मध्ये उत्खनन करणारेही तेच.

६/ ब्रह्मपुरीत रोमन जगाशी नाते सांगणाऱ्या कांस्यवस्तू निघाल्या. त्यांतली समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती आज टाउन हॉलमधील संग्रहालयाचे भूषण आहे. पाठोपाठ १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले आणि त्याचा अहवाल १९५२ साली छापला गेला.

७/ राजाराम कॉलेजातच आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये प्राकृत शिकवीत. मूळचे सदलग्याचे. कुंदकुंदांच्या ‘प्रवचनसार’ची त्यांची १९३५ ची चिकित्सक आवृत्ती आणि तिची दीर्घ इंग्रजी प्रस्तावना युरोपातील प्राच्यविद्यापंडितांनीही नावाजली.

८/ ही नावे मोठी आहेत, पण त्यांच्यात एक समान दुबळेपणा दिसतो. प्रत्येकाचे काम त्याच्या एकट्याच्या चिकाटीवर आणि संस्थानाच्या मर्जीवर उभे होते. प्राध्यापक निवृत्त झाला की विषय थांबे. शिष्याला पोटापाण्याची सोय नसे, आणि प्रबंध लिहून झाला तरी तो छापायला प्रकाशक मिळत नसे.

९/ पुण्याची गोष्ट थोडी निराळी होती. राजवाडे आणि मेहेंदळे यांनी १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ काढले, १९१७ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संस्था उभी राहिली आणि साताऱ्याच्या रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली. माणूस गेला तरी काम चालू राहील, अशी ही रचना. कोल्हापूरला ती लाभायला १९६२ उजाडावे लागले.

१०/ १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार स्वतः इतिहासकार होते. कुलगुरुपदाची दगदग सांभाळून त्यांनी ‘ताराबाईकालीन कागदपत्रे’ संपादित केली आणि विद्यापीठाने ती खंडशः छापली.

११/ हे नुसते छापकाम नव्हते. ग्रँट डफ हा साताऱ्याचा रेसिडेंट. त्याच्या १८२६ च्या इतिहासापासून मराठ्यांची कथा प्रामुख्याने सातारा आणि पुणे इथून सांगितली गेली. औरंगजेबाशी १७०० ते १७०७ अशी सात वर्षे झुंजलेली महाराणी त्या कथेत पुष्कळदा केवळ गादीसाठी भांडणारी सासू-सावत्र बाई होऊन बसे. करवीरची बाजू कागदांनिशी मांडायची, तर मोडी वाचणारे हात आणि त्यांना पगार देणारी संस्था दोन्ही हवी होती. मे १९७० मध्ये विद्यापीठाने मराठा इतिहासावर चार दिवसांचे चर्चासत्र भरवले आणि पुढल्या वर्षी त्यातील निबंध पुस्तकरूपाने काढले. अशा बैठकीत एकाचे विधान दुसरा समोरासमोर खोडू शकतो, आणि इतिहासलेखनाला याची गरज कागदांइतकीच असते.

१२/ पुन्हा नाईकांकडे. १९४० च्या दशकात काही वर्षे त्यांनी कोल्हापूर संस्थानच्या विकासकामांची जबाबदारी सांभाळली. त्यानंतर व्ही. टी. पाटील यांच्यासारख्या सहकाऱ्यांच्या साथीने भुदरगड तालुक्यात, गारगोटीला, मौनी विद्यापीठ उभे राहिले. नाव पाटगावच्या मौनी महाराजांचे. बालवाडीपासून उच्च शिक्षणापर्यंत सारे एका ग्रामीण परिसरात, असा हा प्रयोग होता. शिक्षणतज्ज्ञ चित्राताई नाईक यांचे कामही काही काळ याच गारगोटीत चालले. १९५५ मध्ये दोघांचा विवाह झाला.

१३/ १९६४ ते १९६६ या काळात नाईक कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव होते. राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के हिस्सा शिक्षणावर खर्च व्हावा, ही आजही ऐकू येणारी मागणी त्या अहवालाच्या शिफारशींशी जोडलेली आहे. त्याचा तपशील इथे नको. त्यावर स्वतंत्र थ्रेड व्हायला हवा.

१४/ याच सुमारास देशात आणखी एक प्रश्न धुमसत होता: समाजाचा अभ्यास कोणाच्या पैशाने करायचा? अमेरिकेत सामाजिक विज्ञानांची परिषद १९२३ पासून होती. ब्रिटनने आपली १९६५ मध्ये काढली. भारतात मात्र नियोजन आयोगाची एक समिती थोडेबहुत अनुदान देई आणि बाकी भिस्त परदेशी प्रतिष्ठानांवर. १९६५ साली ‘प्रोजेक्ट कॅमेलॉट’ उघडकीस आला. लॅटिन अमेरिकेतील समाजांचा अभ्यास करणाऱ्या या प्रकल्पामागे अमेरिकी सैन्याचा पैसा होता, आणि चिलीतून त्याला प्रखर विरोध झाला. त्यानंतर परक्या निधीकडे भारतातही संशयाने पाहिले जाऊ लागले.

१५/ अर्थतज्ज्ञ व्ही. के. आर. व्ही. राव यांच्या समितीने सामाजिक विज्ञानांसाठी स्वायत्त राष्ट्रीय परिषद स्थापन करावी, अशी शिफारस केली. योगायोग असा, की १९६९ मध्ये राव स्वतःच केंद्रीय शिक्षणमंत्री झाले. आपल्याच शिफारशीची अंमलबजावणी आपल्याच सहीने करण्याची संधी समित्यांच्या अध्यक्षांना सहसा मिळत नाही.

१६/ अशा रीतीने १९६९ मध्ये भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएसएसआर, अस्तित्वात आली. पहिले अध्यक्ष गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. पहिले सदस्य-सचिव जे. पी. नाईक. गाडगीळ १९७१ मध्ये निवर्तले. नाईक १९७८ पर्यंत त्या पदावर राहिले, आणि परिषदेची घडण झाली ती याच नऊ वर्षांत.

१७/ संशोधनाला ‘प्रोत्साहन’ म्हणजे प्रत्यक्षात काय? भाषणांत हा शब्द फार स्वस्त असतो. परिषदेने त्याचे रोजच्या व्यवहारातले घटक एकेक करून उभे केले. प्रकल्पांना अनुदान. संशोधकांना अधिछात्रवृत्ती. पीएच. डी. करणाऱ्याला दुसऱ्या शहरातील ग्रंथालयात जाऊन राहण्यापुरता खर्च. संशोधनपद्धतीचे प्रशिक्षणवर्ग. पूर्ण झालेला प्रबंध छापण्यासाठी साहाय्य.

१८/ कोल्हापूर, सांगली किंवा साताऱ्याच्या महाविद्यालयातील प्राध्यापकाच्या जागी स्वतःला कल्पून पाहावे. आठवड्याला डोईजड तास, ग्रंथालयात चार नियतकालिके, त्यांतली दोन बंद पडलेली. आपल्या विषयावर कलकत्त्यात कोणी काय लिहिले, हे कळायला वर्षे जात. रात्रीच्या गाडीने मुंबई गाठून विद्यापीठाच्या ग्रंथालयात आठवडाभर बसायचे, तर राहण्याचा खर्च पगारातून झेपत नसे. अशा माणसाला प्रवासभत्त्याची छोटीशी रक्कमही विषय धरून ठेवायला पुरे. विद्वत्तेच्या इतिहासात या भत्त्यांची नोंद कोणी करत नाही, हे खेदाचे आहे.

१९/ कोणत्या ग्रंथालयात कोणते नियतकालिक आहे, याच्या संयुक्त सूच्या परिषदेने राज्यवार तयार करवल्या आणि दिल्लीत प्रलेखन केंद्र उघडले. मुंबई, कलकत्ता, हैदराबाद, शिलाँग, चंदीगड आणि दिल्ली इथे प्रादेशिक केंद्रे झाली. पश्चिम भारताचे केंद्र मुंबई विद्यापीठाच्या आवारात आले.

२०/ त्याहून महत्त्वाचे काम म्हणजे संशोधनाचे सर्वेक्षण. प्रत्येक विद्याशाखेत भारतात आजवर काय लिहिले गेले, कुठे दाटी झाली आणि कुठे रान मोकळे आहे, याचा जाणत्यांकडून घेतलेला आढावा. समाजशास्त्र आणि सामाजिक मानवशास्त्र यांचे तीन खंड १९७२ ते १९७४ च्या दरम्यान निघाले. प्रकाशक होते मुंबईचे पॉप्युलर प्रकाशन, मराठी वाचकाला कवितासंग्रह आणि कादंबऱ्यांमुळे घरचे वाटणारे. तरुण संशोधकाला अशा खंडातून पहिल्यांदा उमगते, की आपण एकटे नाही. आपल्या आधी कोणी या वाटेने गेले आहे आणि ते अमुक वळणावर थांबले आहे.

२१/ संस्थांच्या बाबतीत नाईकांच्या काळातील धोरण ठाम होते: सारे दिल्लीत नको. त्रिवेंद्रमला के. एन. राज यांचे विकास अध्ययन केंद्र, मद्रासला माल्कम आदिशेषय्या यांची संस्था, बंगळूरला खुद्द राव यांची, कलकत्त्याला १९७३ चे सामाजिक विज्ञान अध्ययन केंद्र, सुरतेला आय. पी. देसाई यांचे केंद्र. खर्चाचा भार परिषद आणि राज्य सरकार यांनी वाटून घ्यायचा, म्हणजे राज्यालाही संस्था आपली वाटेल आणि कोणा एकाच्या मुठीत ती राहणार नाही. पुढच्या चार दशकांत भारतीय अर्थशास्त्र, इतिहास आणि समाजशास्त्रात जे नवे मांडले गेले, त्यातील बराच भाग या घरांतून आला. इतिहासासाठी १९७२ मध्ये वेगळी परिषद झाली.

२२/ आता विषयांकडे. १९७० च्या दशकात परिषदेने अनुसूचित जातींच्या शालेय आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची पाहणी हाती घेतली. ती पंधरा राज्यांत झाली. समाजशास्त्रज्ञ सुमा चिटणीस यांनी लिहिलेला तिचा अहवाल १९८१ मध्ये ‘अ लाँग वे टु गो’ या नावाने आला. वसतिगृहे, शिष्यवृत्त्या, गळती हे सारे आकड्यांनी मांडलेले. राजर्षी शाहूंनी ज्या शहरात जातीजातींची वसतिगृहे उभारली, त्या शहराच्या परिसरात वाढलेल्या सदस्य-सचिवाच्या काळात हे काम सुरू झाले, याकडे लक्ष वेधणे अस्थानी नाही.

२३/ आणि स्त्रियांचा प्रश्न. भारतातील स्त्रियांच्या दर्जाविषयीची समिती १९७१ मध्ये नेमली गेली. अध्यक्ष फुलरेणू गुहा. काम रेंगाळले होते. १९७३ मध्ये वीणा मजुमदार सदस्य-सचिव झाल्या आणि वेग आला. परंतु कायदा, रोजगार, आरोग्य, शेतमजुरी या प्रत्येक विषयावर ताजा अभ्यास हवा होता आणि तो कुठल्याही कपाटात तयार नव्हता. समितीसाठी असे अनेक अभ्यास करवून घेण्यात परिषद पाठीशी उभी राहिली.

२४/ अहवालाने दाखवले की स्वातंत्र्याच्या पाव शतकानंतर अनेक बाबतींत बहुसंख्य स्त्रियांची स्थिती सुधारलेली नाही, उलट ढासळली आहे. सुरुवातीचा ९७२ ते ९३० हा उतार आता तक्त्यातून बाहेर पडून वादाचा विषय झाला. परिषदेने १९७५ मध्ये या जाडजूड अहवालाचा संक्षेप पुस्तकरूपाने काढला. ज्यांना मूळ ग्रंथ झेपला नसता, त्यांच्यापर्यंत तो या रूपात पोहोचला.

२५/ समित्यांचे अहवाल सादर झाले की त्यांतील माणसे पांगतात. इथे तसे झाले नाही. परिषदेत स्त्रीअभ्यासाचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाला आणि वीणा मजुमदार यांच्यावर त्याची धुरा आली. त्याच फळीतून १९८० मध्ये दिल्लीचे स्त्री-विकास अध्ययन केंद्र उभे राहिले. मुंबईत नीरा देसाई यांनी एसएनडीटी विद्यापीठात १९७४ मध्येच स्त्रीअभ्यासाचे दालन उघडले होते. एका अहवालाभोवती जमलेल्या माणसांची अशा रीतीने एक विद्याशाखा झाली.

२६/ या साऱ्याला दुसरी बाजू आहे आणि ती टाळता येणार नाही. परिषद स्वायत्त म्हणवली गेली, तरी अध्यक्ष आणि सदस्य नेमण्याचा अधिकार सरकारकडे आणि पैसाही सरकारचा. परक्या निधीच्या सावलीतून बाहेर पडताना दुसरी सावली आली. नाईकांसारखा माणूस पदावर असेतो ती फारशी जाचली नसेल. पण माणसाच्या भरवशावर चालणारी स्वायत्तता ही कोल्हापूर संस्थानाच्या मर्जीहून फार दूर नाही.

२७/ दुसरा आक्षेप अधिक जवळचा. चांगल्या संस्था विद्यापीठांबाहेर निघाल्या, त्यामुळे उत्तम संशोधक तिकडे गेले आणि विद्यापीठांत शिकवणे तेवढे उरले. भाषेचा प्रश्न तर होताच: जवळपास सारे लेखन इंग्रजीत. बहिरेवाडीच्या शेतकऱ्याविषयी जे लिहिले जाईल, ते बहिरेवाडीतल्या शिक्षकाला वाचता येईलच असे नाही. १९६३ पासून निघणारी ‘समाज प्रबोधन पत्रिका’ आणि तिच्यासारखी मराठी नियतकालिके ही दरी आपल्या तुटपुंज्या बळावर भरत आली. दिल्लीच्या अनुदानांच्या तुलनेत त्यांचा खर्च नगण्य असे.

२८/ आणखी एक गोष्ट. ज्या माणसाने देशभर संशोधनसंस्थांचे जाळे विणले, त्याच्या स्वतःच्या जिल्ह्यात परिषदेची संस्था आली नाही. महाराष्ट्राच्या वाट्याचे ते पुण्या-मुंबईकडे गेले. कोल्हापुरात हे काम शिवाजी विद्यापीठाच्या विभागांनीच चालवले. समाजशास्त्राची धुरा ‘जैन कम्युनिटी’ या १९५९ च्या ग्रंथाचे लेखक विलास संगवे यांनी सांभाळली. पुढे शाहू संशोधन केंद्रातून त्यांनी बी. डी. खणे यांच्यासह राजर्षी शाहू छत्रपतींच्या कागदपत्रांचे खंड संपादित केले. जयसिंगराव पवार यांच्या महाराष्ट्र इतिहास प्रबोधिनीने २००१ मध्ये काढलेला ‘राजर्षी शाहू स्मारक ग्रंथ’ याच परंपरेतला.

२९/ नाईकांनी १९४८ मध्ये मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन स्थापन केली होती. १९७६ मध्ये ती पुण्याला हलवली. १९७८ मध्ये परिषदेतून मोकळे झाल्यावर तेच त्यांचे ठाणे झाले. संस्थेने ‘शिक्षण आणि समाज’ हे त्रैमासिक मराठीत चालवले. इंग्रजीच्या आक्षेपाला एवढे तरी उत्तर घरातूनच निघाले, असे म्हणता येईल.

३०/ १९८१ मध्ये सामाजिक विज्ञान परिषद आणि वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या संयुक्त अभ्यासगटाचा ‘हेल्थ फॉर ऑल’ हा अहवाल पुण्याच्या याच संस्थेने प्रसिद्ध केला. गटाचे अध्यक्ष होते डॉ. व्ही. रामलिंगस्वामी. डॉक्टर आणि समाजशास्त्रज्ञ यांना एका टेबलाशी बसवण्याच्या या खटपटीत नाईकांचा मोठा वाटा होता. रुग्णालयांवरचा भर कमी करून गावपातळीवरचे आरोग्य, पोषण आणि पाणी यांपासून सुरुवात करावी, हे त्यातले सूत्र उप्पिन बेटगेरीत दिवस काढलेल्या माणसाला पुस्तकातून शिकावे लागले नसणार.

३१/ ३० ऑगस्ट १९८१ रोजी जे. पी. नाईक यांचे निधन झाले. जगातील शंभर शिक्षणविचारवंतांची चरित्रमाला युनेस्कोने पुढे काढली. तिच्यात गांधीजी आणि टागोर यांच्याबरोबर त्यांच्यावरही प्रकरण आहे. कोठारी आयोगाच्या शिफारशींचे पुढे काय झाले, याचा हिशेब मांडणारे त्यांचे ‘द एज्युकेशन कमिशन अँड आफ्टर’ हे पुस्तक त्यांच्या पश्चात, १९८२ मध्ये प्रकाशित झाले.